जर्दाळूचे लिक्युअर : कॉकटेलमध्ये फळ लागावे, पाक लागू नये, यासाठी काय करावे?

हैराण_पेला
काही दिवसांपूर्वी मी एक बाटली आणली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘ऍप्रिकॉट ब्रँडी’ असे लिहिले होते आणि चित्रात दोन टपोरे जर्दाळू होते. पहिले पेय म्हणून ‘पॅराडाइज’ करावे असे ठरवले आणि आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या, म्हणजे आयबीएच्या यादीतले प्रमाण काटेकोरपणे पाळले. जिन ३० मिलि, ऍप्रिकॉट ब्रँडी २० मिलि आणि संत्र्याचा ताजा रस १५ मिलि, एवढेच त्यात असते. बर्फ घालून शेकर चांगला हलवला, थंड केलेल्या पेल्यात गाळून घेतले आणि पहिल्याच घोटाला लहानपणी नाक दाबून पाजलेल्या खोकल्याच्या औषधाची आठवण झाली. दुसरा घोट केवळ खात्री करून घेण्यासाठी घेतला, आणि खात्री झाली.

माझे प्रश्न तीन आहेत. ही बाटली ब्रँडी आहे की लिक्युअर? दोष बाटलीचा, पाककृतीचा की माझा? आणि उरलेल्या बाटलीचे काय करावे? कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एका पेल्यावरून कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला बरे वाटत नाही.

शंकासुर
बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचा. पुढे कवी लिहितो, मागे वकील लिहितो.

हैराण_पेला
@शंकासुर, वाचले. मागे ‘लिक्युअर’ असे लिहिले आहे आणि अल्कोहोल २४ टक्के आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण मग पुढे ‘ब्रँडी’ लिहिण्याची परवानगी यांना कोणी दिली?

बारच्या_मागून
परवानगी कायद्यानेच दिली आहे. बरीच वर्षे बारमध्ये काम केल्यामुळे हा गोंधळ मी पुष्कळदा निस्तरला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जर्दाळूच्या नावाने मिळणाऱ्या बाटल्यांत मुळात दोन वेगळे पदार्थ असतात. पहिला पदार्थ म्हणजे फळ आंबवून, त्याचे ऊर्ध्वपातन करून मिळवलेले, पाण्यासारखे स्वच्छ आणि साखर नसलेले मद्य. हंगेरीत त्याला ‘बारात्स्कपालिंका’ म्हणतात, ऑस्ट्रियात ‘मारिलेनब्रांड’ म्हणतात, आणि फ्रेंच परंपरेत अशा फळमद्यांना ‘ओ-द-वी’ हे सर्वसाधारण नाव आहे. पालिंका हे नाव युरोपीय कायद्याने हंगेरीसाठी राखीव ठेवलेले आहे. अपवाद आहे तो फक्त जर्दाळूच्या मद्याचा, जे ऑस्ट्रियाच्या चार प्रांतांतही या नावाने विकता येते. पालिंकात अल्कोहोल किमान ३७.५ टक्के असावे लागते आणि साखर घालायला मनाईच असते.

दुसरा पदार्थ म्हणजे लिक्युअर. यात फळ किंवा फळाचा रस मद्यात मुरवतात, किंवा स्वस्तातल्या बाटल्यांत नुसता स्वाद आणि रंग घालतात, आणि वर साखर घालतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार लिक्युअरमध्ये अल्कोहोल किमान १५ टक्के आणि साखर सर्वसाधारणपणे लिटरला किमान १०० ग्रॅम असावी लागते. नावात ‘क्रेम’ असेल तर २५० ग्रॅम. त्याच नियमांत काही जुन्या जोडनावांना सवलत दिलेली आहे. चेरी ब्रँडी आणि ऍप्रिकॉट ब्रँडी ही नावे रूढ झालेली असल्याने ती लिक्युअरवरही छापता येतात. अट एवढीच की जवळच ‘लिक्युअर’ हा शब्दही असला पाहिजे.

जुन्या इंग्रजी पाककृतींत ‘ऍप्रिकॉट ब्रँडी’ असे लिहिलेले असते तेव्हा बहुतेक वेळा गोड लिक्युअरच अभिप्रेत असते. त्यामुळे तुम्ही चुकीची बाटली आणली, ही शंका आधी मनातून काढून टाका.

आंबटशौकीन
+१. दोष पाककृतीचा आहे. पॅराडाइजमध्ये आंबट असे काही नाहीच! संत्र्याचा रस आंबट आहे असे आपण समजतो, पण तो लिंबाच्या रसापुढे अगदीच मवाळ असतो. बऱ्याच पाककृतींत लिंबाच्या रसाचे काही थेंब घालायला सांगितलेले असतात, ते उगाच नव्हे. गोड अधिक गोड अधिक जिन, यातून दुसरे काय निघणार?

मोजूनमापून
@आंबटशौकीन यांचे म्हणणे आकड्यांत मांडून पाहू.

लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल असते आणि संत्र्याच्या रसात जेमतेम १ टक्का. जिन ६० मिलि, लिंबाचा रस २२ मिलि आणि समान वजनाने केलेला साखरेचा पाक २२ मिलि असे नेहमीचे ‘सावर’, म्हणजे मद्य, लिंबू आणि साखर यांचे आंबटगोड पेय, घेतले, तर त्यात साखर सुमारे १३ ग्रॅम आणि आम्ल सुमारे १.३ ग्रॅम येते, म्हणजे दहास एक. बहुतेकांच्या जिभेला हे प्रमाण मानवते. आता पॅराडाइजमध्ये लिक्युअरची साखर लिटरला २५० ग्रॅम धरली, तर २० मिलिमधून ५ ग्रॅम आणि संत्र्यातून १ ग्रॅमहून थोडी अधिक साखर येते. आम्ल मात्र ०.१५ ग्रॅमच. हे प्रमाण चाळीसास एक झाले. खोकल्याचे औषध आठवले यात नवल काहीच नाही.

तुमच्या बाटलीत नेमकी किती साखर आहे, याचा अंदाज घरी काढता येतो. रिकामे मोजपात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि त्यात बरोबर १०० मिलि लिक्युअर ओता. २४ टक्के अल्कोहोलचे निव्वळ मिश्रण सुमारे ९७ ग्रॅम भरते. लिटरला १०० ग्रॅम साखर असेल तर वजन साधारण १०१ ग्रॅम आणि २५० ग्रॅम असेल तर साधारण १०७ ग्रॅम येईल. मोजून झाल्यावर लिक्युअर बाटलीत परत ओतता येते, त्यामुळे या प्रयोगात नुकसान काहीच नाही.

निवांत_घोट
मी हेच साखर मोजायच्या अपवर्तनमापीने करून पाहिले होते आणि आकडा भलताच जास्त आला होता.

मोजूनमापून
@निवांत_घोट, येणारच. अल्कोहोलमुळेही प्रकाश वळतो आणि ते उपकरण सगळे श्रेय साखरेला देऊन मोकळे होते. मद्य नसलेल्या पाकासाठी ते ठीक, लिक्युअरसाठी नव्हे.

जुनी_काच
एवढे गणित करून प्यायचे असेल तर तहान कधी लागायची? मी बऱ्याच काळापासून डोळ्याच्या अंदाजाने ओततो आणि पाहुण्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

विषय निघालाच आहे तर ‘एंजल फेस’ करून पाहा. जिन, काल्व्हाडोस म्हणजे सफरचंदाची फ्रेंच ब्रँडी, आणि जर्दाळूचे लिक्युअर, तिन्ही समभाग. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमधल्या हॅरी क्रॅडॉक यांच्या १९३० च्या पुस्तकात हे पेय आहे आणि आजही आयबीएच्या यादीत आहे. त्यात लिंबू नाही, संत्रे नाही, तरीही ते टिकून राहिले. तेव्हा आंबटाशिवाय गत्यंतर नाही, हे मला मान्य नाही.

आंबटशौकीन
@जुनी_काच, पाहुणे तक्रार करत नाहीत, कारण ओतणारा यजमान असतो.

बारच्या_मागून
एंजल फेसबद्दल दोघांचेही थोडे बरोबर आहे. तिथे आंबट नाही, पण दोन तृतीयांश भाग ४० टक्क्यांच्या आसपासचे कोरडे मद्य आहे, आणि गोडव्याला आवर घालण्याचे काम तेच करते. शिवाय काल्व्हाडोसमध्ये ओकच्या पिंपाचा किंचित तुरटपणा असतो. तरीही समभागात ते मला जड वाटते. मी जिन ४५, काल्व्हाडोस ३० आणि लिक्युअर १५ मिलि घेतो, हलवत नाही, लांब चमच्याने ढवळतो आणि अगदी गार देतो. थंडीने गोडवा दबतो. तोच पेला अर्ध्या तासाने चाखा, वेगळेच पेय वाटेल.

खिडकीतली_बाटली
या धाग्यावरचे वाचून मीही एक पराक्रम केला होता, तो कबूल करते. ‘खरी ब्रँडी ती खरी ब्रँडी’ असा विचार करून मी पॅराडाइजमध्ये लिक्युअरऐवजी पालिंका घातली. वास असा सुटला की शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. चव मात्र जाळ! जर्दाळू नाकात होता, जिभेवर फक्त आग होती आणि संत्र्याचा रस त्या भांडणात कुठे हरवला ते कळले नाही.

दुसऱ्या वेळी मात्र शहाणपणाने वागले. लिक्युअर १५ मिलि तसेच ठेवले आणि पालिंका फक्त ५ मिलि, तीही जिनमधून तेवढी वजा करून घातली. लिक्युअरमधून गर आणि गोडवा आला, पालिंकेतून सालीचा वास आला, आणि पहिल्यांदाच पिकलेला जर्दाळू हातात धरून चावल्यासारखे वाटले.

बारच्या_मागून
@खिडकीतली_बाटली, उत्तम. काही लिक्युअर मुळात याच तत्त्वावर बनतात. ऑस्ट्रियातले ‘रॉथमन अँड विंटर’ हे फळाचा रस आणि जर्दाळूचीच ओ-द-वी एकत्र करून केलेले आहे. फ्रान्समधल्या ‘जिफार’च्या बाटलीत रुसियों भागातले जर्दाळू वापरतात आणि तिथे रसरशीत फळाकडे कल अधिक आहे. मारी ब्रिझारचे ‘आप्री’ही जुने आणि नावाजलेले. माझे मत असे की पहिले जिनबरोबर चांगले, दुसरे रमबरोबर; पण हे केवळ माझ्या जिभेचे म्हणणे आहे.

रसायनशाळा
एक गोष्ट कोणी विचारली नाही, ती मीच सांगतो. काही जर्दाळू लिक्युअरना बदामाचा वास का येतो?

फळाच्या गराचा वास मुख्यतः लॅक्टोन गटातल्या द्रव्यांमुळे येतो. गॅमा-डेकॅलॅक्टोन हे त्यांतले प्रमुख, जे पीचमध्येही असते. म्हणून डोळे मिटून या दोन लिक्युअरमधला फरक सांगणे वाटते तेवढे सोपे नाही. त्याला लिनालूलचा फुलांसारखा आणि बीटा-आयोनोनचा व्हायोलेटसारखा गंध जोडीला असतो. बदामाचा वास मात्र गराचा नाही, आठळीतल्या बीचा आहे. बीमध्ये ऍमिग्डॅलिन असते. बी कुटून ओली झाली की तिच्यातल्याच विकरांमुळे ते फुटते आणि बेन्झाल्डिहाइड तयार होते, तोच हा कडू बदामाचा वास. अमारेट्टो या प्रकारात जर्दाळूच्या बियांचा वापर होतो, तो याच कारणाने.

मात्र ऍमिग्डॅलिन फुटते तेव्हा बेन्झाल्डिहाइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये स्पष्ट केले होते की एका वेळी तीनपेक्षा अधिक लहान कच्च्या बिया खाल्ल्या, तर प्रौढ व्यक्तीसाठीची सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलांसाठी तर एकही नको. घरी लिक्युअर मुरवणाऱ्यांनी ‘चवीसाठी मूठभर बिया फोडून घाला’ असला सल्ला कुठे वाचला असेल, तर तो तिथेच सोडून द्यावा.

पहिलाच_प्रयत्न
घरी मुरवण्याचा उल्लेख झालाच आहे तर विचारते. वोडकात सुके जर्दाळू घालून ठेवले तर चालतील का?

खिडकीतली_बाटली
@पहिलाच_प्रयत्न, चालतील, आणि माझ्या मते बेचव ताज्या फळापेक्षा चांगले सुके फळ बरे. झळाळत्या केशरी रंगाच्या सुक्या जर्दाळूंवर रंग टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइडची प्रक्रिया केलेली असते. प्रक्रिया न केलेले तपकिरी दिसतात. केशरी फळाने ताज्या फळाची आंबटगोड चव येते आणि तपकिरी फळाने मुरंब्याकडे झुकणारी. मी २०० ग्रॅम फळ चिरून अर्ध्या लिटर वोडकात दोन आठवडे ठेवते, रोज बरणी हलवते आणि मग गाळते. गाळताना फडके दाबून पिळू नका. मी पिळले, आणि आठवडाभर तळाशी गाळ बसण्याची वाट पाहत राहिले. फळाने बरीच वोडका पिऊन टाकलेली असते. ती फुगलेली फळे टाकू नयेत, एवढे सांगते आणि थांबते. पाक शेवटी घालावा, थोडा थोडा, चव पाहत.

शंकासुर
‘चव पाहत’ या दोन शब्दांत किती बरण्या गारद झाल्या असतील?

जुनी_काच
मूळ प्रश्नाकडे येऊ. उरलेल्या बाटलीचे काय करावे, याला अजून कोणी नीट उत्तर दिलेले नाही.

माझा सल्ला ‘हॉटेल नॅसिओनाल स्पेशल’. हाव्हानातले हे हॉटेल १९३० मध्ये सुरू झाले आणि चार्ल्स एच. बेकर यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात या पेयाची नोंद केली. रम ६० मिलि, अननसाचा रस ३० मिलि, लिंबाचा रस १५ मिलि आणि जर्दाळूचे लिक्युअर १५ मिलि. अननस हलवताना फेस धरतो, त्यामुळे वर पांढरी साय येते. यात लिक्युअर ओळखू येत नाही, पण काढून टाकले तर पेय पोरके होते.

आंबटशौकीन
@जुनी_काच, लिंबाचा रस १५ मिलि! शेवटी आलात ना आमच्या गावाला.

जुनी_काच
वाट चुकून आलो.

बारच्या_मागून
जुनी_काच यांनी नकळत महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. या लिक्युअरला दोन भूमिका देता येतात. एक, पाकाची जागा घेणारे फळ म्हणून, ३० मिलिपर्यंत. दुसरी, मिठासारखी, चमचाभर. दुसऱ्या भूमिकेचे चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकी बारटेंडर ज्युली रायनर यांचे ‘स्लोप’. राय धान्याची व्हिस्की, पुंत ए मेस हे कडवट व्हर्मुथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन), अंगोस्तुरा बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क) आणि जर्दाळूचे लिक्युअर जेमतेम ७ मिलि. मॅनहॅटन या व्हिस्की-व्हर्मुथच्या कॉकटेलच्याच घराण्यातले पेय आहे, पण तेवढ्या ७ मिलिने व्हर्मुथची कडवट बाजू आणि रायचा तिखटपणा यांच्यात सांधा बसतो.

पहिल्या भूमिकेसाठी ‘पेंडेनिस क्लब’. जिन ६० मिलि, लिक्युअर ३० मिलि, लिंबाचा रस २२ मिलि आणि पेशोज् बिटर्सचे दोन-तीन झटके. केंटकीतल्या लुईव्हिल शहरातल्या त्या नावाच्या क्लबवरून हे नाव आले आहे.

मोजूनमापून
याचेही गणित बोलके आहे. २५० ग्रॅमवाले लिक्युअर ३० मिलि म्हणजे साखर ७.५ ग्रॅम आणि आम्ल १.३ ग्रॅम. प्रमाण सहास एकच्याही खाली गेले, म्हणजे पेय चक्क आंबट! म्हणून काही जण त्यात वरून थोडा पाकही घालतात. जी बाटली पॅराडाइजमध्ये खोकल्याचे औषध वाटली, तीच इथे गोडाला कमी पडते. ‘चार्ली चॅप्लिन’ नावाच्या पेयात तर जर्दाळूचे लिक्युअर, स्लो जिन (स्लो नावाची रानफळे जिनमध्ये मुरवून केलेले गोड लिक्युअर) आणि लिंबाचा रस समभाग असतात. दोन गोड बाटल्या असूनही तो पेला तोंडात आंबटच वाटतो.

निवांत_घोट
मला राहून राहून वाटते की ज्यांना पाककृती जमत नाही ते बाटली बदलतात आणि ज्यांना बाटली परवडत नाही ते पाककृती बदलतात. मी दुसऱ्या गटातला. माझ्या साध्या बाटलीत अंगोस्तुराचे दोन थेंब टाकले की तिचे गोळ्या-चॉकलेटी वळण बरेच कमी होते.

हैराण_पेला
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी वजन केले. १०० मिलि १०८ ग्रॅम भरले, म्हणजे @मोजूनमापून यांच्या हिशेबाने साखर लिटरला २९० ग्रॅमच्या आसपास. बाटलीच्या झाकणाखाली साखरेचे कडे जमलेले होते आणि झाकण काढताना करकरले, तेव्हाच खरे तर समजायला हवे होते.

मग तीन छोटे पेले शेजारी शेजारी मांडले. पहिला आयबीएच्या प्रमाणाने. त्याबद्दल नवीन काही लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्यात तेच प्रमाण ठेवून लिंबाचा रस ७ मिलि वाढवला. पेय उजळले, पण लिक्युअरच अजून पुढे पुढे करत होते. तिसऱ्यात जिन ४५, लिक्युअर १५, संत्र्याचा रस १५ आणि लिंबाचा रस ७ मिलि, वर अंगोस्तुराचा एक थेंब. हा पेला मी संपवला. आधी जिनचा जुनिपर आला, मग संत्रे, आणि गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला जर्दाळू रेंगाळला. माझ्याबरोबर चव पाहणाऱ्याने मात्र दुसराच पेला निवडला आणि तिसऱ्याला ‘रागीट’ ठरवले.

पेंडेनिस क्लबही केला. लिक्युअर इतके गोड असूनही तो मला आंबट लागला, आणि आवडला. पेशोज् बिटर्स नव्हते, त्यामुळे अंगोस्तुरा वापरले. शुद्धतावाद्यांनी क्षमा करावी.

आता एकच शंका उरली आहे. अर्धी बाटली शिल्लक आहे. उघडलेली बाटली किती टिकते?

बारच्या_मागून
खराब होऊन अपाय करणार नाही, कारण साखर आणि अल्कोहोल दोन्ही राखण करतात. पण फळाचा वास हवेने उतरतो, रंग तपकिरी होऊ लागतो आणि चव उकळलेल्या मुरंब्याकडे सरकते. २४ टक्क्यांची बाटली मी उघडल्यावर फ्रिजमध्ये उभी ठेवतो आणि सहा महिन्यांत संपवतो. निम्म्याहून खाली गेली की लहान बाटलीत काढून घ्या, म्हणजे वर हवेला जागा राहत नाही. आणि दर वेळी झाकण लावण्यापूर्वी बाटलीचे तोंड ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ते साखरेचे कडे एक दिवस झाकणाला धरून बसेल.

शंकासुर
अर्ध्या बाटलीचे आयुष्य सहा महिने? या धाग्यावरची मंडळी पाहता सहा दिवसांचाही हिशेब द्यावा.

हैराण_पेला
@शंकासुर, आता १०० मिलि उरले आहे. परत वजन केले नाही.